‘मी थोरल्या भावाला छळलं नाही’ असं ताम्रपटात कोरणारा राजा (?)

गाळीव_चहा

मागच्या महिन्यात आमच्या भावकीत वाटणीची बैठक झाली. चहा यायच्या आधीच धाकटे चुलते म्हणाले, "हे बघा, मी बांधाचं एक ढेकूळसुद्धा हलवलेलं नाही." बांधाचा विषय तोवर कुणी काढलाच नव्हता. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी आम्ही मोजणीचा अर्ज टाकला.

हे आठवायचं कारण दख्खनवर राज्य करणाऱ्या राष्ट्रकूट घराण्यातला गोविंद चौथा. त्याचा सांगलीचा ताम्रपट शके ८५५ चा, म्हणजे इ.स. ९३३ चा. एका ब्राह्मणाला गाव दान दिल्याचं साधं शासन, म्हणजे दानपत्र. पण वंशावळ संपून स्वतः गोविंदाची स्तुती सुरू झाली की कवी म्हणतो, अंगात ताकद असूनही याने थोरल्या भावाशी निंद्य क्रूरपणा केला नाही, भावाच्या बायकांच्या वाटेला जाऊन अपकीर्ती ओढवून घेतली नाही.

अहो, विचारलं कुणी?

पार्श्वभूमी थोडक्यात. इंद्र तिसरा, ज्याने ९१६ च्या सुमारास थेट कनौजवर धडक मारली, तो ९२७-२९ च्या दरम्यान वारला. थोरला मुलगा अमोघवर्ष दुसरा गादीवर आला आणि वर्षभरात नाहीसा झाला. मग धाकटा गोविंद राजा. ९३० मध्ये त्याचा पट्टबंध, म्हणजे राज्याभिषेक, झालेला दिसतो.

माझं मत सरळ आहे: चोराच्या मनात चांदणं. तुम्हाला काय वाटतं? आणि दुसरा प्रश्न, त्या काळी गादी थोरल्याची असा काही नियम होता का, की राजाने डोळे मिटले की दर वेळी तलवारी निघायच्याच?

बिनपाण्याचा_नळ

शेवटी ‘वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा आहे’ एवढंच कोरायचं राहिलं.

म्हैसाळचा_पूल

सांगलीत जन्म काढला. सांगलीचा गणपती, सांगलीची हळद, सांगलीचं भडंग सगळं माहीत. सांगलीचा ताम्रपट आज कळला. वाचतोय.

कोकणकडा

मस्त धागा. चुलत्यांच्या बांधाचं काय झालं तेही सांगा.

नांगरट

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मोजून देता येतं. दंतिदुर्गापासून दुसऱ्या कर्कापर्यंत मान्यखेटच्या (राष्ट्रकूटांची राजधानी) मूळ घराण्यात १४ राजे झाले, म्हणजे गादी १३ वेळा बदलली. त्यात बापाकडून मुलाकडे ६ वेळा. आजोबाकडून नातवाकडे एकदा (कृष्ण दुसरा ते इंद्र तिसरा, मधला जगत्तुंग बापाआधी गेला). भावाकडून भावाकडे ३ वेळा. पुतण्याकडून चुलत्याकडे २ वेळा. चुलत्याकडून पुतण्याकडे एकदा.

आणि त्या सहांतही सगळं गोडीगुलाबीने झालं असं नाही. तिसऱ्या गोविंदावर थोरला भाऊच उठला. पहिला अमोघवर्ष पोरवयात गादीवर आला आणि काही वर्षांत पार उखडला गेला. लाटच्या म्हणजे दक्षिण गुजरातच्या चुलतभावाने, कर्क सुवर्णवर्षाने, त्याला ८२१ च्या आत परत बसवला.

तेव्हा नियम वगैरे काही नाही. ज्याच्यामागे सामंत त्याची गादी.

पाटीपेन्सिल

नांगरट, मोजदाद आवडली, पण ‘नियम वगैरे काही नाही’ हे पटत नाही. नियम होता, तो ‘थोरला’ असा नव्हता, एवढंच. राजाने हयातीत युवराज नेमायचा आणि त्याच्या गळ्यात कंठिका (गळ्यातला हार) घालायची. तिसऱ्या गोविंदाच्या बापाचं, ध्रुवाचंच उदाहरण घ्या. त्याचे मुलगे कर्क, स्तंभ, गोविंद, इंद्र. स्तंभ मोठा, पण ध्रुवाची मर्जी गोविंदावर. तिसऱ्या गोविंदाचे ताम्रपट सांगतात की बापाने जिवंतपणीच राज्य सोडून द्यायचं काढलं, तर गोविंद म्हणाला, तुम्ही दिलेली कंठिका मला पुरे आहे.

आता हे गोविंद खरंच म्हणाला की त्याच्या पदरी असलेल्या कवीने त्याच्या तोंडी घातलं, हा भाग वेगळा. पण गादीवर येताना ‘मला बापाने निवडलं होतं’ हे सांगावंसं वाटलं, यातच नियम दिसतो. नियम नसता तर पुरावा कशाला हवा?

कुंदा_बेळगावी

आणि तो ध्रुव स्वतः कसा राजा झाला ते विसरू नका! थोरला गोविंद दुसरा गादीवर होता, राज्यकारभार ध्रुवाकडे सोडून मजा मारत होता म्हणे. मग ध्रुवाला वाटलं, काम मी करतो तर बसतोही मीच. थोरल्याने धाकट्याला आवरायला कांची, गंगवाडी (दक्षिण कर्नाटक), वेंगी (आंध्र) आणि माळव्याच्या राजांकडे हात पसरले. म्हणजे ज्यांच्याशी घराण्याचं वैर, त्यांच्याकडे. ही मदत मागितल्याचं पैठणच्या ताम्रपटात (शके ७१६, इ.स. ७९४) आहे.

पैठणचा ताम्रपट ध्रुवाच्या मुलाचा, आणि मौजमजेचं कोरणारे ताम्रपटही ध्रुवाच्याच वंशजांचे. त्यामुळे ‘थोरला मौजमजा करत होता’ याला किती वजन द्यायचं ते तुम्ही ठरवा. गादीवरून काढलेला एकही राजा जगाच्या इतिहासात कष्टाळू आणि सदाचारी नव्हता, असं ताम्रपट वाचून वाटायला लागतं.

रिठा

राष्ट्रकूट मुळात मराठी की कानडी हे आधी ठरवू या का?

बिनपाण्याचा_नळ

आला! पॉपकॉर्न आणतो.

कुंदा_बेळगावी

रिठा, मी बेळगावचा आहे. मला या वादात ओढू नका, जेवण जात नाही.

संपादक मंडळ

या विषयावरचे सात प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा आहे, तिथे जा. इथे भाऊबंदकी चालू राहू द्या, फक्त राष्ट्रकूटांची.

फ्रायबुर्गवासी

नांगरट यांनी पोरवयातल्या अमोघवर्षाचा उल्लेख केला म्हणून लिहितो. तिसरा गोविंद गेला ८१४ मध्ये. त्याच वर्षी २८ जानेवारीला युरोपात फ्रँकांचा सम्राट शार्लमेन गेला. एकाच वर्षी दोन टोकांना दोन बलाढ्य बाप गेले आणि दोन मुलगे गादीवर आले, इकडे अमोघवर्ष आणि तिकडे लुई.

लुईला सुरुवातीला त्रास झाला नाही, कारण दोन्ही मोठे भाऊ बापाच्या हयातीतच वारले होते. त्रास झाला तो पुढे. ८१७ मध्ये त्याने तीन मुलांत राज्याची व्यवस्था लावून टाकली. इटलीत राज्य करणारा पुतण्या बर्नार्ड यावर बिथरला, तर पुढच्या वर्षी त्याचे डोळे काढले. दोन दिवसांत तो मेला. मग लुईने दुसरं लग्न केलं आणि ८२३ मध्ये चौथा मुलगा झाला. आता याला कुठून द्यायचं? आधीच्यांच्या वाट्यातून. तिथून पुढे बाप विरुद्ध मुलगे.

मी राहतो तिथून कोलमार तासाभराच्या आत. ८३३ मध्ये त्या भागात लुई आणि त्याचे मुलगे फौजा घेऊन समोरासमोर तळ देऊन बसले. लढाई झालीच नाही. बोलणी चालू होती आणि रोज रात्री बापाचे सरदार उठून मुलांच्या तळावर जात होते. शेवटी लुईजवळ मूठभर माणसं उरली. त्या जागेला नाव पडलं ‘खोटारड्यांचं मैदान’. नेमकी जागा कुठली यावर तिकडे वाद आहेत. गेल्या उन्हाळ्यात बायकोला म्हणालो, चल बघून येऊ. नुसतं मक्याचं शेत होतं. बायको म्हणाली, सांगलीला जाऊन याहून चांगलं मक्याचं शेत बघितलं असतं.

म्हैसाळचा_पूल

या की. कणसं भाजून देतो.

आक्का_मिरजेच्या

फ्रायबुर्गवासी, तुमचा लुई वाचून आमच्या शेजारचं घर आठवलं. दुसरेपणाचं लग्न, उशिराचा मुलगा, आधीच झालेलं मृत्युपत्र. फक्त डोळे कुणी काढले नाहीत, वटारले. पुढे काय झालं त्या चौघांचं?

फ्रायबुर्गवासी

आक्का, चौघांतला एक बापाआधी गेला. बाप ८४० मध्ये गेल्यावर उरलेले तिघे एकमेकांवर तुटून पडले. जून ८४१ मध्ये फाँतनुआची लढाई झाली आणि ८४३ मध्ये व्हर्दँच्या तहात तीन वाटे पडले. वाटणीसाठी दौलतीची आधी पाहणी करून याद्या केल्या होत्या. म्हणजे मोजणी तिथेही होतीच.

कोकणकडा

याच पिढीतलं बगदादचं घ्या. खलिफा हारून अल-रशीदने ८०२ च्या हजला दोन्ही मुलांना मक्केला नेलं. आधी अमीन, मग मामून, असा क्रम ठरवला, दोघांकडून शपथा लिहवून घेतल्या आणि ते कागद काबागृहात ठेवले. याहून पक्की नोंदणी कुठे करणार? हारून ८०९ मध्ये गेला. पुढे अमीनने ते कागद मागवून फाडले. ८११ ला लढाई जुंपली, वर्षभराच्या वर बगदादला वेढा, आणि ८१३ मध्ये अमीनचं मुंडकं मामूनकडे रवाना.

त्यामुळे गाळीव_चहा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: नियम होते, कागद होते, साक्षीदार होते. कमी होती ती फक्त पाळणाऱ्यांची.

नांगरट

कोकणकडा, पूर्ण सहमत नाही. काही वेळा तडजोडही व्हायची. तिसऱ्या गोविंदावर थोरला स्तंभ उठला तेव्हा त्याच्या बाजूने बारा राजे होते. गोविंदाने सगळ्यांना मोडलं आणि स्तंभाचं काय केलं? माफ केलं आणि पुन्हा गंगवाडीवर नेमलं. धाकट्या इंद्राला लाट देऊन टाकलं. त्याच इंद्राच्या मुलाने पुढे पोरवयाच्या अमोघवर्षाची गादी सावरली. म्हणजे भावाला दिलेला तुकडा पुढच्या पिढीला कामी आला.

त्याच्या पुढच्या पिढीत मात्र लाटवाले आणि मान्यखेटवाले वीस-पंचवीस वर्षं एकमेकांशी लढत होते. तेही सांगायला हवं.

रिठा

माफ केलं म्हणजे थोरलेपणाचा मान ठेवला, की गंगवाडी सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं?

नांगरट

दुसरं. असं माझं मत. कैदेतल्या गंग राजाला, शिवमाराला, सोडून बघितलं तर तो लगेच उलटला. परत आत टाकावा लागला. मग त्यापेक्षा हरलेला भाऊ बरा.

तिखटमिठाची_पुरी

सगळे बाप, भाऊ, चुलते. बायका कुठे आहेत? की फक्त ‘भावाच्या बायका’ म्हणून श्लोकात यायचं?

पाटीपेन्सिल

आहेत की. ध्रुवाची राणी शीलमहादेवी, वेंगीच्या चालुक्यांची मुलगी. तिने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या बिरुदांसह गाव दान दिल्याचा ७८६ चा ताम्रपट आहे. आणि गंमत अशी की दुसऱ्या गोविंदाने ज्यांच्याकडे मदत मागितली त्यांत वेंगीवालेही होते. म्हणजे राणीच्या माहेरच्यांनी जावयाविरुद्ध बाजू घेतलेली. त्या वर्षीचा तिचा सणवार कसा झाला असेल!

दुसरी रेवकनिम्मडी, तिसऱ्या कृष्णाची थोरली बहीण. तिचा नवरा गंगवाडीचा बूतुग. मेहुण्याने मेहुण्याला गादी मिळवून दिली. पण ती गोष्ट निघाली तर मग कुत्र्यावर जाते.

बिनपाण्याचा_नळ

कुत्र्यावर जाऊ द्या. एवढं बोलून थांबायचं नसतं.

पाटीपेन्सिल

बरं. ९४९ मध्ये तक्कोलमला तिसऱ्या कृष्णाने चोळांचा पराभव केला. चोळ युवराज राजादित्य हत्तीवर असतानाच मारला गेला, ते काम बूतुगाचं. त्या लढाईत बूतुगाचा मणलेर नावाचा एक वीर फार शौर्याने लढला. धनी म्हणाला, काय हवं ते माग. याने काय मागावं? गाव नाही, सोनं नाही. ‘काळी’ नावाचा कुत्रा मागितला. पुढे त्या कुत्र्याला एका मोठ्या रानडुकरावर सोडलं आणि दोघेही झुंजून मेले. मणलेरने आतकूरच्या देवळासमोर कुत्र्याचा दगड उभा केला आणि त्याच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. दगडावर डुक्कर आणि कुत्रा कोरलेले आहेत. आता तो बंगळूरच्या संग्रहालयात आहे.

आक्का_मिरजेच्या

डोळ्यांत पाणी आलं हो. इतक्या राजांचं वाचलं तेव्हा नव्हतं आलं.

कुंदा_बेळगावी

थांबा थांबा. आतकूरचा तो दगड या धाग्याशी फार जवळचा आहे. त्याच लेखात आणखी एक ओळ आहे: एरेयप्पाचा मुलगा राचमल्ल याच्याशी लढून, त्याला मारून, बूतुग गंगवाडी शहाण्णव हजारावर राज्य करत होता. राचमल्ल कोण? बूतुगाचा भाऊ!

म्हणजे ९५० च्या आसपास माणूस दगडावर उघड कोरून ठेवतो की भावाला मारून राज्य घेतलं. लाज नाही, लपवाछपवी नाही. कृष्णाचे ताम्रपटसुद्धा त्याचं कौतुकच करतात, की राचमल्ल नावाचं विषारी झाड उपटलं आणि त्या जागी बूतुग लावला. बागकामच जणू.

मग गाळीव_चहा, त्याच्या सतरा वर्षं आधी गोविंदाला भाऊ मारल्याचं लपवावंसं का वाटलं असेल?

गाळीव_चहा

चांगला मुद्दा. पण बूतुगाने समोरासमोर लढाईत मारलं, ते पराक्रमात गेलं. गोविंदाने घरात, अंधारात काही केलं असेल तर ते कोरता येत नाही. चुलते बांध दिवसाउजेडी सरकवत नाहीत.

पाटीपेन्सिल

आता मूळ श्लोकाकडे येते, इतका वेळ थांबले होते. गाळीव_चहा, तुम्ही अर्धाच श्लोक दिलात. ‘सामर्थ्ये सति निन्दिता प्रविहिता नैवाग्रजे क्रूरता’ ही पहिली ओळ. दुसरी भावाच्या बायकांची. तिसरी ओळ म्हणते की शुद्ध-अशुद्धाकडे पाठ फिरवून, भीतीपोटी याने पिशाचपण पत्करलं नाही. आणि चौथी म्हणते की त्यागाने आणि अतुलनीय साहसाने तो जगात ‘साहसांक’ झाला.

पिशाचपणाचं काय मधेच? गोविंदाला कुणी पिशाच म्हटलं होतं का? इथे किल्ली साहसांक या शब्दात आहे. साहसांक म्हणजे गुप्त घराण्यातला राजा चंद्रगुप्त दुसरा, विक्रमादित्य. त्याच्याबद्दलची दंतकथा अशी की त्याने थोरल्या भावाला, रामगुप्ताला मारलं, त्याची राणी ध्रुवदेवी स्वतः केली आणि मधल्या काळात वेड्यापिशाचं सोंग घेतलं. आता श्लोक परत वाचा. भाऊ, भावाची बायको, पिशाच. तिन्ही पाढे चंद्रगुप्ताचे आहेत! कवी म्हणतोय, आमचा राजा साहसांक आहे, पण त्या साहसांकाची पापं वजा करून.

म्हणजे हे प्रतिज्ञापत्र नाही, अलंकार आहे. तुलना करून वरचढ ठरवायची, संस्कृत काव्यात उठता बसता करतात.

शिवाय हाच श्लोक त्याच्या खंभातच्या ताम्रपटात आहे, शके ८५२ चा, सांगलीच्या तीन वर्षं आधीचा. शासनं लिहिणारे स्तुतीचा साचा पुढे वापरायचे, फक्त दान कुणाला आणि कुठलं गाव एवढं बदलायचं. सांगलीच्या शासनातलं गाव मिळालं पुंड्रवर्धनाहून, म्हणजे बंगालकडून आलेल्या एका दीक्षितांना. त्यांनी तो श्लोक कधी वाचला असेल की नाही कोण जाणे. त्यांचं लक्ष चतुःसीमेवर असणार.

म्हैसाळचा_पूल

🙏 शाळेत असं संस्कृत शिकवलं असतं तर मी पैकीच्या पैकी घेतले नसते, पण वर्गात झोपलो तरी नसतो.

कोकणकडा

पाटीपेन्सिल यांना पुस्ती. याच घराण्यात चंद्रगुप्ताला आधीही टोमणा मारलेला आहे. पहिल्या अमोघवर्षाचा संजाणचा ताम्रपट, शके ७९३ (इ.स. ८७१). त्यात म्हटलंय, भावाला मारून ज्या दीनाने राज्य आणि राणी हिरावली आणि लाखाचे कोटी लिहवले, तो गुप्त वंशातला म्हणे कलियुगातला दाता! आमचा अमोघवर्ष त्याच्या कितीतरी वर.

चंद्रगुप्त जाऊन साडेचारशे वर्षं झाली होती. कुचाळक्या चालूच.

आणि अमोघवर्ष हा चौथ्या गोविंदाचा खापरपणजोबा. तेव्हा खापरपणजोबाच्या कवीने ज्याला हिणवलं, त्याचंच बिरुद खापरपणतूने घेतलं. घ्यायचं होतं बिरुद, नको होती बदनामी, म्हणून तळटीप.

रिठा

संजाणच्याच ताम्रपटात अमोघवर्षाने महालक्ष्मीला बोट कापून वाहिल्याचं आहे ना? ती आमची कोल्हापूरची अंबाबाई.

नांगरट

प्रजेवरचं संकट टळावं म्हणून डाव्या हाताचं बोट वाहिलं, हे खरं. पण ताम्रपट महालक्ष्मी म्हणतो, कोल्हापूर म्हणत नाही.

रिठा

दुसरी कोण असणार?

संपादक मंडळ

रिठा...

वर्ध्याकडचा

उशिरा आलो. विदर्भाकडून थोडं.

गोविंद निर्दोष होता का, हे ठरवायला त्याच्या शत्रूचे ताम्रपट वाचा. सामंतांनी ९३५ च्या सुमारास गोविंदाला काढलं. वेमुलवाड्याचा अरिकेसरी त्यात पुढे होता, त्याचा कवी पंप त्याचं श्रेय त्यालाच देतो. गादीवर आणला गोविंदाचा चुलता बद्दिग, म्हणजे अमोघवर्ष तिसरा. वय झालेला, धार्मिक मनुष्य. ‘रट्टांच्या (म्हणजे राष्ट्रकूटांच्या) राज्याला आधार द्या’ अशी सामंतांनी विनंती केली म्हणून बसला, असं लिहिलंय. (प्रत्येक बंडखोराला अशीच विनंती झालेली असते.) त्याचा मुलगा तिसरा कृष्ण. त्याचे दोन ताम्रपट: आमच्या वर्ध्याजवळच्या देवळीचा ९४० चा आणि कऱ्हाडचा ९५९ चा.

हे लोक गोविंदाला सोडणारे नव्हेत. लिहितात काय? स्त्रियांच्या नेत्रपाशात बुद्धी अडकली, वाईट मार्गाने सगळ्यांना नाराज केलं, शरीर झिजलं आणि नाश पावला. आणि थोरल्या भावाबद्दल? अमोघवर्ष बापामागोमाग स्वर्गाला गेला, जणू बापावरच्या प्रेमामुळेच.

बस. गोविंदाने भाऊ मारला असता तर यांनी ढोल वाजवला असता. गादी हिसकावल्याचं त्याहून चांगलं समर्थन कुठलं? तरी एक शब्द नाही.

गाळीव_चहा

‘बापावरच्या प्रेमामुळे वर्षात स्वर्गाला गेला’ हे वाक्य मला निर्दोष वाटत नाही हो. आमच्याकडे असं वाक्य ऐकलं की माणसं पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट मागतात.

वर्ध्याकडचा

कोकणच्या शिलाहारांचा भादाण्याचा ताम्रपट (९९७) फक्त एवढंच सांगतो की अमोघवर्षाने एक वर्ष राज्य केलं. त्यांना ना गोविंदाला वाचवायचं होतं ना बुडवायचं, राष्ट्रकूट तेव्हा संपलेही होते. ९७२ मध्ये माळव्याच्या सीयकाने मान्यखेट लुटलं आणि पुढच्या वर्षी चालुक्य तैलपाने उरलंसुरलं घेतलं.

जाता जाता, देवळीचा ताम्रपट कशासाठी दिलाय माहीत आहे? कृष्णाने आपला धाकटा भाऊ जगत्तुंग याच्या पुण्यासाठी गाव दान दिलं. प्राणांहून प्रिय भाऊ, असं म्हटलंय. गाव नागपूर-नंदिवर्धन भागातलं. नागपूरचं नाव इतक्या जुन्या लेखात येतं म्हणून आम्ही तो ताम्रपट मिरवतो, पण भावावरच्या मायेबद्दल कुणी बोलत नाही.

तिखटमिठाची_पुरी

सगळ्या धाग्यात दोनच प्रेमळ नोंदी. एक कुत्र्याची, एक भावाची.

पाटीपेन्सिल

एक ताम्रपट मी संग्रहालयात जवळून बघितलाय, काचेच्या अगदी वर नाक टेकवून. पत्र्याच्या कडा किंचित उचलून ठोकलेल्या असतात, म्हणजे पत्रे एकमेकांवर घासून अक्षरं झिजू नयेत. पहिल्या पत्र्याची आणि शेवटच्याची बाहेरची बाजू कोरी. कडीत ओवलेले, कडीच्या सांध्यावर मुद्रा. एवढी काळजी कशासाठी? शेवटचा शाप पोचावा म्हणून. दिलेली जमीन जो हिरावेल तो साठ हजार वर्षं विष्ठेत किडा होईल. मधली स्तुती कोण वाचतं हो. राजाच्या भावाचं काय झालं यापेक्षा जमिनीचं काय होणार, याचीच चिंता सगळ्या पत्र्यांवर आहे.

बिनपाण्याचा_नळ

साठ हजार वर्षं! सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ रकान्यात असा शेरा मारून मिळतो का? अर्ज कुठे करायचा?

गाळीव_चहा

पाटीपेन्सिल, वर्ध्याकडचा, कोकणकडा, तुमचं ऐकून शीर्षकात प्रश्नचिन्ह टाकलंय. पूर्ण मागे घेत नाही, कारण ते एक वर्ष मला अजून खटकतं. पण चौथी ओळ न वाचता निकाल दिला हे कबूल.

कोकणकडा यांनी बांधाचं विचारलं होतं. मोजणी परवा झाली. बांध सरकलेला निघाला, सव्वा हात. आमच्याकडून, त्यांच्या रानात.

चुलत्यांना अजून फोन केलेला नाही.

म्हैसाळचा_पूल

😂😂 करा, करा. ‘अंगात ताकद असूनही चुलत्याशी क्रूरपणा केला नाही’ अशी सुरुवात करा.